ग्रीन कार्ड, एकोणीस महिने सोलापूर आणि आमचे आप्पा

पार्कचौक
मंडळी, नमस्कार. इथं बरेच जण बाहेर राहून आलेले आहेत, काही अजून तिकडंच आहेत, म्हणून विचारतोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमचे आप्पा, वय ७३, जिल्हा परिषदेतून निवृत्त. आई गेल्यावर ताईनं त्यांना न्यू जर्सीला नेलं. ताई तिकडची नागरिक. नागरिकाच्या आईवडिलांना रांग नसते म्हणे, त्यामुळं फार वाट बघावी लागली नाही. मे २०१९ मध्ये आप्पांचं ग्रीन कार्ड झालं. जानेवारी २०२४ ला गड्ड्यासाठी, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेसाठी म्हणून आले, तीन महिन्यांनी परतीचं तिकीट होतं. फेब्रुवारीत न्हाणीत घसरले आणि खुबा मोडला. ऑपरेशन, वॉकर, मग काठी, मग फिजिओवाला घरी यायचा. असं करत करत जे राहिले ते राहिलेच. परवा मोजले तर एकोणीस महिने.

कार्डावर २०२९ ची तारीख आहे, म्हणून आम्ही निर्धास्त. आता ताईच्या कुणा मैत्रिणीनं सांगितलं की एक वर्षावर बाहेर राहिलं की कार्ड चालत नाही. ताई म्हणते, तिकीट काढून पाठवून दे, विमानतळावर काय ते बघून घेऊ. दाजी म्हणतात, आधी मुंबईत वकिलातीत रीतसर अर्ज करा. माझा एक मित्र म्हणतो, कार्ड देऊन टाका आणि मोकळे व्हा. कुणी यातून गेलंय का?

कडकभाकरी
सोलापूरचं पाणी चार दिवसांआड, अमेरिकेचं कार्ड सहा महिन्यांआड. दोन्हीकडं टाकी भरून ठेवायची असते मालक, तुम्ही नळ सोडून बसलात.

हुरडापार्टी
आप्पांना आधी नमस्कार सांगा. खुबा कसा आहे आता?

पार्कचौक
@हुरडापार्टी, छान आहे की. सकाळी सिद्धेश्वर तळ्याला फेरी मारून येतात, येताना भाजीसुद्धा आणतात.

सातरस्ता
मी बावीस वर्षं तिकडं काढून २०१७ ला परत आलोय, घरात तीन जणांची कार्डं हाताळलीत. मी वकील नाही, पण जेवढं पक्कं माहिती आहे तेवढं लिहितो.

कार्डावरची तारीख ही कार्डाची असते, तुमच्या कायम रहिवासी दर्जाची नाही. गाडीचं आरसी बुक शाबूत असलं म्हणून इन्शुरन्स चालू आहे असं थोडंच? एक वर्षावर बाहेर राहिलं तर परत येताना नुसतं कार्ड दाखवून चालत नाही. कायदा विचारतो ते एवढंच की तुमचं घर कुठं आहे, आणि गेलात ते थोड्या काळासाठी गेला होतात का. त्यामुळं "दर सहा महिन्यांनी जाऊन शिवून यायचं, झालं" हेही खरं नाही. पाच पाच महिने इकडं आणि पंधरा दिवस तिकडं असं करणाऱ्यांनाही अडवलेलं मी पाहिलंय. सहा महिन्यांचा आकडा येतो तो मुख्यतः दोन ठिकाणी. १८० दिवसांवर बाहेर राहिलात तर दारात तुम्हाला नव्यानं प्रवेश मागणारा समजून तपासता येतं. आणि नागरिकत्वासाठी जे सलग वास्तव्य लागतं, ते तुटलं असं गृहीत धरतात.

लांब राहायचंच असेल तर निघण्याआधी आय-१३१ फॉर्म भरून री-एंट्री परमिट, म्हणजे परत प्रवेशाचा परवाना घ्यायचा असतो. तो दोन वर्षांपर्यंत मिळतो. पण अर्ज करताना माणूस अमेरिकेत असावा लागतो, सोलापुरातून होत नाही. तुमची ती वेळ गेली.

आता ताईंचा मार्ग. नुसतं विमानात बसवून द्यायचं म्हटलं तर पहिली अडचण विमान कंपनीचीच. वर्ष उलटलेलं दिसलं तर मुंबईच्या काउंटरवरच चढू देत नाहीत. चढले, तर तिकडचा अधिकारी सूट देऊ शकतो, किंवा कार्ड सोडल्याच्या फॉर्मवर, म्हणजे आय-४०७ वर, सही करा म्हणू शकतो. ती सही ऐच्छिक असते हे आप्पांना पक्कं सांगून ठेवा. सही नाकारून न्यायाधीशापुढं सुनावणी मागता येते, आणि दर्जा सोडला हे तिथं सरकारला सिद्ध करावं लागतं. पण ७३ वर्षांचा माणूस, सोळा-सतरा तासांचा प्रवास, रात्रीची झोप नाही, आणि समोर इंग्रजीत प्रश्न. बघा बुवा.

दाजींचा मार्ग म्हणजे एसबी-१, परतणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा. डीएस-११७ फॉर्म, फी १८० डॉलर, मुंबईला मुलाखत. त्यात दाखवावं लागतं की निघताना परत जायचाच इरादा होता, तो कधी सोडला नाही, आणि मुक्काम लांबला तो आपल्या हाताबाहेरच्या कारणानं. खुबा मोडणं हे हाताबाहेरचंच. ऑपरेशनचे कागद, डिस्चार्ज कार्ड, जुनं परतीचं तिकीट, तिकडचं बँक खातं, टॅक्स रिटर्न, सगळं गोळा करा.

अक्का_पूर्वभाग
माझ्या सासूबाईंना एसबी-१ मिळालाय, म्हणून लिहिते. त्या फेब्रुवारी २०२० मध्ये नणंदेच्या मुलीच्या लग्नाला आल्या. मार्चच्या २३ तारखेला परदेशी विमानं बंद. पुढं खास विमानं सुरू झाली, पण ७८ व्या वर्षी त्या साथीत कोण पाठवणार? सतरा महिने झाले. मुलाखतीत फार विचारलं नाही. रद्द झालेलं तिकीट, दिराच्या घराचे कागद, त्यांचा तिकडचा आरोग्यविमा आणि टॅक्सचे कागद दिले. मग पुन्हा मुंबईतच मेडिकल, नवा व्हिसा, आणि गेल्या.

आणि चार महिन्यांत परत आल्या! टेक्सासात तेलुगू बोलणारे ढीगभर. पण आमची सोलापूरची तेलुगू त्यांना कळेना, त्यांची यांना. "निम्मी मराठीच बोलताय की तुम्ही" म्हणाली म्हणे कुणीतरी देवळात. तेवढं लागलं त्यांना.

कडकभाकरी
@अक्का_पूर्वभाग, हे लई भारी. सरकारनं परत घेतलं आणि शेजारणीनं हाकललं.

मिसिसागाकर
कॅनडाचं वेगळं आहे, कुणाला उपयोग होईल म्हणून लिहितो. इथं पाच वर्षांत ७३० दिवस आत राहायचं, एवढाच हिशोब. ते सलग नकोत. कॅनेडियन नागरिक असलेल्या नवऱ्याबरोबर किंवा बायकोबरोबर बाहेर राहिलात तर ते दिवसही धरतात. पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचं, कार्ड संपलं म्हणजे पीआर गेलं असंही नाही. कुणी रीतसर निर्णय देईपर्यंत तुम्ही पीआरच असता. फक्त बाहेरून विमानानं यायला वेगळं प्रवासपत्र लागतं, आणि ते मागितलं की दिवस मोजतात. नाकारलं तर साठ दिवसांत अपील. आजारपण, आईवडील असली कारणं माणुसकीच्या मुद्द्यावर ऐकून घेतात.

माझे ७३० मधले ६४१ भरले होते. भावाच्या पॉवरलूमच्या भानगडीत तीन वर्षं सोलापुरात अडकलो होतो. अपिलात वाचलो. पण ते दीड वर्ष कसं गेलं ते माझं मला माहीत.

नेकरकाठ
कॅनडावाल्यांनो, तुम्ही नशीबवान. जर्मनीत सहा महिने. कुणी निर्णय बिर्णय देत नाही, पत्र येत नाही. सहा महिन्यांत परत आला नाहीत तर कायमचा परवाना कायद्यानंच आपोआप संपतो. निघण्याआधी परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन जास्त मुदत मागून घ्यायची सोय आहे. मी घेतली नाही, कारण वडिलांचं ऑपरेशन, मी काय, दोन महिन्यांत येतो म्हणून निघालो. सहा महिने नऊ दिवसांनी परतलो.

विमानतळावर कुणी काही म्हणालं नाही. पुढं नोकरी बदलताना कागद काढले तेव्हा तारखा निघाल्या. अकरा वर्षांची माझी कायमची जागा, आणि मी पुन्हा साध्या परवान्याच्या रांगेत. ज्या बाईंनी सांगितलं त्यांनी आधी पाण्याचा ग्लास पुढं केला. तेव्हाच कळलं.

वडील वाचले नाहीत. तरी गेलो याचं वाईट वाटत नाही, नऊ दिवसांचं मात्र अजून वाटतं. तेराव्यानंतर घरी नुसताच बसलो होतो ते नऊ दिवस.

गिरणीचा_भोंगा
@नेकरकाठ 🙏

लंडनची_सून
इकडं ब्रिटनमध्ये कायम वास्तव्याला सलग दोन वर्षांची मर्यादा. त्यावर गेलं की संपलं, मग परतणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा मागायचा. दोन वर्षं ऐकायला खूप वाटतात हो, पण सासऱ्यांच्या डायलिसिसमध्ये कधी गेली ते कळलं नाही. मी एकटी तेविसाव्या महिन्यात जाऊन आले. हे राहिले.

शारजा_ते_शास्त्रीनगर
हे सगळं वाचून हसू येतंय. आमच्या अमिरातीत कायमचं असं काही नाहीच. साधा रहिवासी व्हिसा सहा महिने बाहेर राहिलं की रद्द. गोल्डन व्हिसावाल्यांना ती अट नाही, पण गोल्डन आपल्याला कोण देतो? अठ्ठावीस वर्षं तिथं काढली माझ्या वालिदांनी, नोकरी सुटली आणि तीस दिवसांत सामान बांधलं. फायदा एकच, घरात "कार्ड ठेवायचं की सोडायचं" यावर भांडण झालं नाही.

गिरणीचा_भोंगा
आपल्या डॉ. कोटणीसांना कुणी कार्ड विचारलं नव्हतं. जन्म सोलापूर १९१०, १९३८ ला चीनला गेले, १९४२ ला तिथंच गेले. आता भय्या चौकात स्मारक आहे. आजच्या काळात असते तर दर सहा महिन्यांनी शिवायला सोलापूरला यावं लागलं असतं.

सातरस्ता
@भोंगा, ते भारतीय नागरिकच होते हो... म्हणजे तेव्हाचे ब्रिटिश प्रजाजन. उलट बाजू धरलीत तुम्ही.

गिरणीचा_भोंगा
उलटीच बाजू धरायची सवय आहे, गिरणी बंद पडल्यापासून. बाकी आप्पांना सांगा, होटगी रोडवरून आता विमानं उडायला लागलीत. विमानांच्या आड येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली ती वाया गेली नाही.

पार्कचौक
@भोंगा, चिमणी १५ जून २०२३ ला पडली तेव्हा आप्पा न्यू जर्सीत होते. रात्री तो व्हिडिओ वीस वेळा बघितला म्हणे. ताई म्हणाली, कुणी गेल्यासारखे बसले होते. कारखान्याशी त्यांचा संबंध नाही, उसाचं कांडं नाही आमच्याकडं.

सगळ्यांचे आभार. एसबी-१ चाच विचार चाललाय. कागद काढायला घेतलेत.

निर्लेप_सीए
जरा कडू बोलतो. कार्ड वापरता येत नाही म्हणजे कर सुटला असं नाही. आय-४०७ देऊन दर्जा सोडेपर्यंत, किंवा कुणी अधिकृतपणे काढून घेईपर्यंत, अमेरिकेच्या दृष्टीनं आप्पा करदाते रहिवासीच. म्हणजे जिल्हा परिषदेची पेन्शन, इथल्या सहकारी बँकेतल्या ठेवींचं व्याज, घरभाडं, सगळं तिथल्या रिटर्नमध्ये दाखवायचं. आणि अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही दहा हजार डॉलरवर गेली तर एफबार, म्हणजे बाहेरच्या खात्यांची माहिती देणारा फॉर्म, वेगळा. निवृत्तीच्या पैशांच्या ठेवी असतील तर तो आकडा सहज ओलांडतो. हे भरलंय का?

आणखी एक. "मी तिकडं राहत नाही" म्हणून अनिवासी म्हणून रिटर्न भरून टाकू नका. तेच कागद उद्या कार्ड सोडल्याचा पुरावा म्हणून समोर येतात. पंधरापैकी आठ वर्षं कार्ड असेल तर सोडताना फॉर्म ८८५४ ची, म्हणजे दर्जा सोडतानाच्या कराची, वेगळी भानगड लागते. २०१९ पासून धरलं तर आप्पा अजून त्याच्या अलीकडं आहेत. लांबवत बसलात तर नसतील.

पार्कचौक
@निर्लेप_सीए, एफबार हा शब्द आज पहिल्यांदा ऐकला. आप्पांना विचारलं तर म्हणाले, "हयातीचा दाखला दर नोव्हेंबरला देतो की. अजून काय पाहिजे त्यांना?"

कडकभाकरी
आप्पा 😂😂 मी जिवंत आहे, एवढं पुरे नाही का बे!

सातरस्ता
एक विचारायचं राहिलं. मे २०१९ चं कार्ड म्हणजे मे २०२४ ला पाच वर्षं. नागरिकत्वाचा अर्ज नव्वद दिवस आधी भरता येतो, म्हणजे २०२४ च्या फेब्रुवारीतच. आणि जानेवारीत ते इकडं आले? महिनाभर थांबले असते तर अर्ज भरून निघता आलं असतं. नागरिक झाले की हा प्रश्नच मिटला असता. कुणाच्या लक्षात आलं नाही का?

पार्कचौक
ताईच्या आलं होतं. फॉर्म भरून ठेवला होता तिनं. आप्पा नको म्हणाले. एक तर इंग्रजीची परीक्षा, त्यांच्या वयाला सूट असते ती पंधरा-वीस वर्षं कार्ड असलेल्यांना. पण खरं कारण परीक्षा नाही. "इकडचा पासपोर्ट जमा करायचा, मग मी मतदान कुठं करू?" असं म्हणाले.

अक्का_पूर्वभाग
पार्कचौक, राग मानू नका, पण एक विचारते. हाड कधी जुळलं? एसबी-१ ला तेच विचारतील. फेब्रुवारीत ऑपरेशन, सहा-आठ महिने धरा. मग सप्टेंबर-ऑक्टोबरला जाऊ शकत होते. तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं. आमच्याकडं विमानंच बंद होती, म्हणून दिलं. तुमच्याकडं ऑक्टोबरनंतर काय कारण दाखवणार?

हुरडापार्टी
त्यात काय, ओळखीचा डॉक्टर नाही का? "प्रवास करू नये" असं मागची तारीख घालून लिहून घ्यायचं. सोलापुरात डॉक्टरांना काय तोटा.

सातरस्ता
@हुरडापार्टी, हे असले सल्ले उघड्यावर देऊ नका आणि आडूनही देऊ नका. व्हिसासाठी खोटा कागद दिल्याचं निघालं तर कायमची बंदी लागू शकते. मग कार्ड तर सोडाच, साध्या टुरिस्ट व्हिसाला रडाल, आणि मुलीनं पुन्हा अर्ज केला तरी तेच आडवं येईल. खोटा दाखला पकडला गेला नाही तरी या वयात आप्पांना मुलाखतीत तेच खोटं घोकायला लावायचं?

हुरडापार्टी
बरं बरं. चेष्टा केली.

बाराबंदी
धागा वाचतोय पहिल्यापासून. पार्कचौक, तुम्ही लिहिलंय "जे राहिले ते राहिलेच". या वाक्यात आठ-नऊ महिने कुठं गेले ते सांगा. मी मानकऱ्यांच्या घरातला नाही, पण गड्ड्याच्या मिरवणुकीतल्या नंदीध्वजाला हात लावणाऱ्यांतला आहे. जानेवारी २०२५ च्या गड्ड्यात आप्पा होते का नव्हते?

पार्कचौक
(दोन दिवसांनी लिहितोय.)

होते.

सांगूनच टाकतो. सप्टेंबर २०२४ ला डॉक्टरांनी काठी सोडा म्हणून सांगितलं होतं. ताईनं ४ जानेवारीचं तिकीट काढलं, म्हणजे वर्ष भरायच्या आत. डिसेंबरच्या शेवटी आप्पा मला म्हणाले, "पाय दुखतोय म्हणून सांग तिला." मी विचारलं, दुखतोय का? म्हणाले, "गड्ड्यात संमती कट्ट्यावर अक्षता पडल्या की थांबेल." मी ताईला फोन करून सांगितलं की डॉक्टर नको म्हणतायत. तिकीट रद्द झालं. पैसेही तिचेच गेले.

तरुणपणी ते बाराबंदी घालून नंदीध्वजाच्या मिरवणुकीत असायचे. न्यू जर्सीत चार जानेवाऱ्या त्यांनी मोबाईलवर बघितल्या. तिथं रात्री एक-दीड वाजता उठून बसायचे म्हणे. पुढं फेब्रुवारीत हुरडा, मार्चमध्ये पुतण्याचं लग्न, मग उन्हाळ्यात एवढ्या उन्हात कुठं प्रवास म्हणून. ४३ डिग्रीत सोलापूर सोडायचं नाही, यासाठी ऊन हे कारण सांगणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

ताईला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतंय मीच ढिला पडलो.

कडकभाकरी
आता चेष्टा सुचत नाही मालक.

नवीपेठ_९९
स्पष्ट बोलू का? मुलीला नातवंडं सांभाळायला माणूस पाहिजे असतं, म्हणून कार्ड. आमच्या गल्लीत चार घरं आहेत अशी. आजी-आजोबा म्हणजे फुकटची बाई.

पार्कचौक
@नवीपेठ_९९, माझ्या ताईची मुलं कॉलेजात आहेत. आई गेल्यावर आप्पा तीन महिने नीट जेवले नव्हते, तेव्हा तिनं नेलं. मी इथं असून मला जमलं नव्हतं ते. माहीत नसताना लिहू नका.

नवीपेठ_९९
माफ करा. चुकलं.

लंडनची_सून
तुमच्या ताईच्या जागी बसून सांगते. तिला कार्ड प्रिय नसेल. तिला भीती असेल की कार्ड गेलं म्हणजे अर्ध्या रात्री काही झालं तर आप्पांना आपल्याकडं आणताच येणार नाही. आम्ही लांब राहणारे कागदाला धरून बसतो ते यासाठी. तिला खरं सांगा. आप्पांना सांगू द्या.

सातरस्ता
@लंडनची_सून बरोबर बोललात, आणि त्या भीतीला उत्तर आहे. कार्ड परत केलं म्हणजे दार कायमचं बंद असं नाही. ताई नागरिक आहेत. उद्या आप्पांना जायचंच झालं तर त्या पुन्हा आय-१३०, म्हणजे नातेवाइकासाठीचा अर्ज, भरू शकतात. वेळ लागेल, पैसे लागतील, पण आईवडिलांसाठी व्हिसाच्या संख्येची मर्यादा तेव्हाही नसेल. आणि नुसतं भेटायला जायचं तर टुरिस्ट व्हिसा.

माझ्या आईचं तसंच केलं आम्ही. आय-४०७ भरला, मूळ कार्ड सोबत घालून पोस्टानं अमेरिकेतल्या त्यांच्या ठरलेल्या पत्त्यावर पाठवला. त्याला फी नाही. पोचपावती जपून ठेवली. मग टुरिस्ट व्हिसाला गेलो तेव्हा खिडकीवरच्या माणसानं विचारलं, कार्ड का सोडलं? आई म्हणाली, "घर इथंय." दहा वर्षांचा शिक्का मिळाला. सगळ्यांनाच मिळेल अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. पण जो माणूस आपणहून कार्ड परत देतो, तो तिथंच राहून जाईल ही शंका जरा कमी होते.

मेडिकेअरचं, म्हणजे तिकडच्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचं मात्र बघा. पाच वर्षं सलग राहिल्यावर पैसे भरून ते घेता येतं, ते आता हातचं जाईल. तसंही ते भारतातल्या दवाखान्याला चालत नाही.

मिसिसागाकर
मी अजून एसबी-१ च्याच बाजूचा. १८० डॉलर आणि मुंबईची एक फेरी. खरं खरं सांगायचं, नाही म्हणाले तर नाही. प्रयत्न न करता सोडायचं कशाला? वंदे भारतनं सकाळी निघून दुपारी मुंबई.

अक्का_पूर्वभाग
@मिसिसागाकर, खरं खरं सांगायचं तर "परत जायचा इरादा कधी सोडला नाही" याखाली आप्पा सही कशी करणार?

मिसिसागाकर
हां. तेही आहे.

शारजा_ते_शास्त्रीनगर
धागा चार दिवस शांत आहे. पार्कचौक, काय झालं ते सांगा की ओ. इथं आम्ही सगळे आप्पांच्या घरचे झालोय.

पार्कचौक
सांगतो.

हा धागा मी आप्पांना वाचून दाखवला, सगळा. नेकरकाठ यांच्या नऊ दिवसांपाशी थांब म्हणाले. पुन्हा वाच म्हणाले. अक्कांच्या सासूबाईंच्या तेलुगूवर मात्र खोकला येईपर्यंत हसले.

रविवारी रात्री त्यांनीच ताईला व्हिडिओ कॉल लावला. मला वाटलं होतं प्रस्तावना करतील. कसलं काय. "पाय दुखत नव्हता," एवढंच म्हणाले. ताई आधी माझ्यावर चिडली, बरोबरच होतं. तिकिटाचे पैसे मी देतो म्हणालो तर अजून चिडली. मग बराच वेळ कुणीच बोलेना. दाजी मागून म्हणाले, "आप्पा, तुमचा स्वेटर अजून खुंटीलाच आहे." त्यावर ताई रडली.

शेवटी तिनं एकच अट घातली. कार्ड द्यायचं तर द्या, पण मार्चनंतर ती इकडं येईल आणि टुरिस्ट व्हिसाच्या मुलाखतीला स्वतः बरोबर जाईल. आप्पा म्हणाले, गड्ड्यालाच ये की, मार्चमध्ये काय आहे सोलापुरात? ती रजा बघते म्हणालीय.

निर्लेप_सीए, तुम्हाला मेसेज टाकलाय. मागच्या वर्षांचे राहिलेले कागद आधी भरायचे आहेत, शेवटचं रिटर्नही. ठेवींच्या पावत्या एका बिस्किटाच्या डब्यात निघाल्या, अकरा आहेत.

फॉर्म काल भरला. सोडण्याच्या कारणापाशी मी इंग्रजीत तीन-चार ओळी लिहिल्या होत्या, वय, तब्येत वगैरे. आप्पांनी खोडायला लावल्या. "मी भारतात परत राहायला आलो आहे, एवढंच लिही." तेवढंच लिहिलं. मग पाकिटात कार्ड घालताना म्हणाले, थांब. काठी न घेता जिना उतरले आणि नवी पेठेत जाऊन कार्डाची दोन्ही बाजूंनी रंगीत झेरॉक्स काढून आणली. लॅमिनेशन करून.

बाराबंदी
जानेवारीत आप्पांना घेऊन या. आमच्या शेजारी उभे राहतील.

कडकभाकरी
लॅमिनेशनला किती घेतले? मागच्या आठवड्यात मला चाळीस लावले त्यानं.

पार्कचौक
@कडकभाकरी, तीस. आप्पांनी घासाघीस केली.